कुलरवाल्या मामाजींचा रविवार

मला बघायला आलेल्या माणसांपैकी माझ्या सासऱ्यांनी मला बघितलंच नाही. त्यांनी आमचा कुलर बघितला.

अकोल्याचा मे महिना. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत बैठकीत मी नवी साडी नेसून, मान खाली घालून बसले होते. बाबांनी पाहुण्यांसाठी कुलर पुरता सोडला होता. आमचा कुलर म्हातारा, थंडाव्यापेक्षा आवाजच जास्त. मुलाचा मामा मला विचारत होता, "शिक्षण किती झालं?" आणि मुलाचे वडील मान वाकडी करून कुलरचं रडगाणं ऐकत होते. मी "बीएस्सी" म्हणेपर्यंत ते उठले, बटण बंद केलं, कुलरची मागची जाळी काढली आणि आत डोकं घातलं. आतूनच आवाज आला, "पेचकस हाय काय घरात?"

आईचा चेहरा पडला. बाबा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, शोधायला गेले ते गेलेच. शेवटी मीच उठले आणि शिलाई मशीनच्या खणातून काढून दिला. मग टॉर्चची मागणी झाली. पदर खोचून मी टॉर्च धरून उभी राहिले. "इकडं धर. उली खालतं. हां, बस!" मुलगा बिचारा हातात पोह्यांची बशी घेऊन आम्हा दोघांच्या पाठी बघत बसला होता. थोड्या वेळाने मामाजी, आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात, बाहेर आले. पांढऱ्या शर्टावर कुलरमधला चिखल, कानावर गवताची काडी, आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखा आनंद. कुलर सुरू झाला तो असा गप्प, की आतल्या खोलीतल्या माझ्या बहिणींची कुजबुज बैठकीत स्वच्छ ऐकू आली: "मुलगा बरा आहे गं, पण सासरा वेडा दिसतो."

सगळे गार पडले, आणि ते काही कुलरमुळे नाही. मामाजी मात्र मांडीवर थाप मारून हसले. "बरोबर वळखलं पोरीनं!"

जाताना दारात त्यांनी बाबांना सांगितलं, "पोरगी पसंत हाय आमाले. तिले टॉर्च धरता येते. लय लोकायले येत नाई. लोकं टॉर्च धरतात इकडं अन् पाह्यतात तिकडं." माझ्या बीएस्सीचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही.

मालेगाव म्हटलं की लोक नाशिककडे बोट दाखवतात. आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. तिथे मामाजींचं दुकान. कुलर, धान्याच्या कोठ्या, लग्नातल्या मुलींच्या पेट्या, जे जे टिनाचं ते ते मामाजींचं. गाव त्यांना मिस्तरी म्हणायचं. दुकानाच्या मागेच घर, आणि त्या घरात कुलर नव्हता! मी पहिल्या उन्हाळ्यात घामाघूम होऊन विचारलं, "मामाजी, सगळ्या तालुक्याला गार करता, आणि आपल्याकडे?" ते म्हणाले, "घरात कुलर लावला का माणूस घरातच राह्यते बाई. घर झोपायले असते, राह्यले नाई. राह्यले रान हाय ना एवढं!" आणि झोपायलासुद्धा ते अंगणातच खाट टाकायचे, तेव्हा घर नेमकं कशासाठी होतं हे मला आजतागायत समजलेलं नाही.

मी फ्लॅटमधली मुलगी. ओट्यावर मुंगी दिसली तरी लक्ष्मणरेषा ओढणारी. मला वाटलं, बोलण्यापुरतं असेल रान. पहिला रविवार उजाडला आणि कानाशी पत्रा वाजला. खराच पत्रा. मामाजी दारात उभे, एका हातात टिनाचा तुकडा, दुसऱ्या हातात लाकडी हातोडा. "उठा! उठा! रान वाट पाहून राह्यलं!"

रविवारी आमच्या गावचा बाजार. खेड्यापाड्यातलं सगळं गिऱ्हाईक त्याच दिवशी गावात उतरायचं, आणि नेमकं त्याच दिवशी मिस्तरीचं दुकान बंद. लोक यायचे, कुलूप बघायचे, शिव्या घालायचे आणि सोमवारी पुन्हा यायचे. "सोमवारी येतेच ना तो?" मामाजी म्हणायचे. "मंग रविवारी कायले बसू त्याची वाट पाहत?"

कुलर पोचवायच्या मालवाहू ऑटोत सगळं घर चढायचं. मामाजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, माझा नवरा, मी, तालुक्यातच दिलेल्या माझ्या तिन्ही नणंदा, त्यांचे नवरे, त्यांची पोट्टी. शिवाय गोवऱ्यांचं पोतं, वांगी, वरणाचं पातेलं आणि मळलेली कणीक. किन्हीराजा गावाच्या पुढे नदीकाठी एक मोठं आंब्याचं झाड आहे, तिथे मुक्काम. तिथे रोडगे व्हायचे. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: कणकेचे जाड, पदर घातलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, वरची राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवून वरण-वांग्याशी खायचे. पहिल्या रविवारी मी तोंड वाकडं करून एक तुकडा खाल्ला. दुसऱ्या रविवारी मी राखेत हात घालून स्वतःचा रोडगा स्वतः शोधत होते.

आणि मामाजींचं सामान! जुन्या कुलरचं काहीही ते टाकायचे नाहीत. कुलरच्या पंख्याला बॅटरी जोडून त्यांनी चुलीला वारा घालायचं यंत्र केलं होतं. पहिल्यांदा लावलं तेव्हा चुलीतली सगळी राख मोठ्या जावयाच्या नव्या सदऱ्यावर गेली. कुलरमधली पाणी चढवायची छोटी मोटर नदीत सोडून, तिला भोकं पाडलेली नळी जोडून, पोरांसाठी झाडाखाली पाऊस पाडायचे. पोरं नागडी उड्या मारायची आणि मामाजी त्यांच्यापेक्षा उंच उड्या मारायचे. मी इतकं खूश झालेलं मोठं माणूस त्याआधी पाहिलं नव्हतं आणि खरं सांगते, नंतरही नाही.

त्यांना रानातलं काय आवडायचं म्हणून विचाराल तर सांगता यायचं नाही. सगळंच! वारूळ दिसलं तरी "पाय! पाय! पाय!", म्हणजे बघ, बघ! सुगरणीचा खोपा दिसला तरी "पाय! पाय! पाय!" आणि आपण पाहिलं नाही तर खांद्याला धरून मुंडी फिरवायचे. एकदा मानोऱ्याला लग्नाला निघालो होतो. नवरी त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणजे मामा हेच. नवरीच्या पाठीशी उभं राहायचं यांनीच. वाटेत एका वावरात रोही दिसले, तुमच्या भाषेत नीलगाय. ऑटो थांबला आणि मामाजी नव्या धोतरानिशी तुरीत शिरले. "आलोच!" आम्ही हाका मारतोय, आत्याबाई कपाळाला हात लावून बसल्यात, आणि हे तुरीत दिसेनासे. मांडवात पोचलो तेव्हा अंतरपाट धरलेला, भटजी घसा खाकरून खाकरून थकलेले, आणि नवरी रडकुंडीला आलेली. मामाजी धोतराला कुसळं घेऊन धावत जाऊन तिच्या मागे उभे राहिले. भटजी डोळे वटारून बघायला लागले तर त्यांनाच म्हणतात, "रोही होते महाराज. पिल्लू होतं त्यायच्यात! आता तुमीच सांगा, थांबावं का नाई?" भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. काय करणार?

पण या माणसाचा जीव रानात जेवढा, तेवढाच माणसांत. पंगतीत एक पान रिकामं असलं तर त्यांचा घास उचलायचा नाही. कोण राहिलं? कोण राहिलं? मग ते पान ज्याचं, तो येईपर्यंत मामाजी उभे. प्रत्येक मुलीला त्यांनी सासरी स्वतःच्या हाताने केलेला कुलर दिला होता, आणि दर उन्हाळ्यात त्याचं गवत बदलायला स्वतः जायचे. गवत चांगलं असलं तरी बदलायचे. माझी धाकटी नणंद एकदा म्हणाली, "बाबा, हे तर मागच्या महिन्यातच बदललं ना?" तर म्हणे, "कंपनीचं गवत खराब निघालं." कोणती कंपनी? गवत तेच आणायचे, तेच भरायचे. त्या गवतापायी त्यांनी तालुका पालथा घातला, आणि नणंदांच्या सासूबाई दर खेपेला चहा टाकायच्या.

मामाजी गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच, अंगणातल्या खाटेवर. भेटायला येणारे लोक रडायला यायचे आणि त्यांच्या गोष्टी सांगता सांगता हसायला लागायचे. मीही तेच करतेय. मला ते आठवले की रडू येण्याच्या आधी अंगात उत्साह येतो, आता त्याला मी तरी काय करू! आणि त्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट आहे जी मी कुणालाही पकडून सांगते.

त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर आत्याबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना झाला, अकोला झालं, घरी आणलं. बोलणं परत आलं, हातही थोडा हलायला लागला, पाय मात्र आला नाही. त्या रविवारी मी पहाटे जागी होऊन पत्र्याची वाट बघत पडले. पत्रा वाजलाच नाही. उठून बघते तर मामाजींनी दुकान उघडलेलं! बाजारात बातमी पसरली, मिस्तरीचं दुकान रविवारी उघडं! माणसं कुलर घ्यायला नाही, बघायला येऊन गेली.

माझा नवरा म्हणाला, "बाबा, तुमी जाऊन या. आईजवळ आमी हाओत."

"थे नाई तर मी नाई," एवढंच बोलले आणि हातोडा उचलला.

असे किती रविवार गेले. मामाजी घरात, आत्याबाईंच्या खाटेशी. दिवसभर त्यांना सांगत बसायचे, आता हरभऱ्याला घाटे धरले असतीन, आता बोरं पिकले असतीन, आता पळस पेटला असन. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून ऐकायच्या. आम्हाला वाटायचं, बाई रानासाठी झुरतेय. आणि मामाजी तर डोळ्यांदेखत सुकत चालले होते. जेवण अर्धं, बोलणं अर्धं, अंगणातली खाटही आत आली होती. मला भीती वाटायला लागली की आत्याबाईंआधी हाच माणूस जातो की काय. डॉक्टरही म्हणाले होते, त्यांना बाहेर न्या, हवा लागू द्या. पण नेणार कसं? नदीपर्यंत ऑटो जात नाही, मधे वावर आहे. आम्ही म्हटलं, उचलून नेऊ. आत्याबाईंनी साफ नाही म्हटलं.

"मले पोत्यावानी उचलतान तुमी? लोकं हासतीन. मी नाई येत."

मामाजींनी ते ऐकलं आणि दुकानात जाऊन बसले. मग सुरू झाली ठोकाठोक. सकाळ-संध्याकाळ ठाक-ठाक-ठाक. आत कुणाला येऊ देईनात. एक दिवस दार उघडलं आणि त्यांनी ते अंगणात ढकलत आणलं. मी आधी ओरडलेच!

कुलरच्या स्टँडवर खुर्ची. खाली कुलरची चाकं, मागे ढकलायला दांडा, हात टेकायला मऊ गादी. वर टिनाचं छप्पर, छपराला झालर. दोन्ही बाजूंना वाळ्याच्या छोट्या जाळ्या, पाणी मारलं की गार वास यायचा, आणि पायाशी बॅटरीवरचा पंखा. लाल रंग दिलेला. अंगणातल्या फरशीवर एका बोटाने ढकलली तरी पळायची. पोरं टाळ्या पिटत होती, मामाजी तिच्याभोवती नाचत होते, आणि खाटेवरून आत्याबाई बघत होत्या.

"मले कुलरमंदी बसवता काय वो?"

"खुर्ची हाय थे!"

"मले दिसते काय हाय थे."

पण संध्याकाळी मी त्यांना जेवण भरवत होते तेव्हा हळूच म्हणाल्या, "ह्यायनं दुपारी काई खाल्लं काय?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाल्या, "बरं सांग त्यायले. येते म्हनाव."

रविवारी असा पत्रा वाजला की शेजारीसुद्धा उठले! नणंदा आल्या, जावई आले, ऑटो भरला. मला आठवतं, मी स्वतः गोवऱ्यांचं पोतं चढवलं आणि त्याच्यावर बसून गाणं म्हणत गेले. रस्त्याच्या कडेला ऑटो थांबला. खुर्ची उतरवली, आत्याबाईंना बसवलं, पंखा सुरू केला. मामाजींनी दांडा धरला आणि निघाले. ताठ, छाती पुढे.

वावराच्या मालकाने आदल्याच दिवशी हरभऱ्याला पाणी दिलं होतं. काळी माती आणि ओली. चार पावलं गेली आणि कुलरची ती बोटाएवढी चाकं मातीत गडप! मामाजींनी जोर लावला, खुर्ची आणखी खाली. माझा नवरा पुढून ओढायला लागला, खुर्ची आणखीच खाली. शेवटी छप्पर, झालर, वाळा आणि पंख्याचा वारा यांच्यासकट आत्याबाई हरभऱ्याच्या मधोमध रुतून बसल्या. मालक बांधावरून धावत आला.

"अवो मिस्तरी! फरशीचे चाकं हायेत हे! वावरात कुलर फिरवाले निघाले काय?"

मामाजी खाली बघत उभे. जन्मभर ही माती तुडवली, कोणत्या वावरात कधी पाय रुततो ते माहीत, आणि चाकं लावली ती बैठकीतली, कारण हात कुलरचा! त्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. आता ही बाई म्हणणार, चला घरी. आणि मग हा माणूस पुन्हा कधी बाहेर पडणार नाही.

आणि आत्याबाई हसायला लागल्या. तोंड एका बाजूने वाकडं, पण हसू पुरतं. दिवाळीपासून पहिल्यांदा. झालर हलत होती, पंखा फिरत होता आणि त्या हसत होत्या, हसता हसता डोळ्यांतून पाणी. मग मालक हसला, जावई हसले, मी तर बांधावर बसलेच. "उचला आता बाप्पा," आत्याबाई म्हणाल्या. "हासू द्या ज्याले हासायचं त्याले. मीच हासली त्यायच्या आंदी."

तिन्ही जावई आणि माझा नवरा, चौघांनी चार पाय धरून खुर्ची उचलली. पुढे पोरं पत्रा वाजवत. मामाजी बाजूने धावत होते, "सांबाळून! सांबाळून! फांदी हाय!" असे आम्ही नदीवर पोचलो.

मामाजींनी खुर्चीसाठी सगळ्यात चांगली जागा निवडली. समोर नदी, पलीकडच्या काठावर पळस लालभडक. "पाय! पाय! पाय! कसा फुलला पाय!" आत्याबाईंनी बघितलं. मी जवळच रोडगे पुरत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"एक सांगू काय तुमाले?"

"सांग ना."

"मले रान आवडत नाई."

मामाजींचा हात पळसाकडे केलेला तसाच राहिला. "कवापासून?"

"पयलेपासून. लगन झालं तवापासून. काटे रुततात, धूर डोळ्यात जाते, जेवनात मुंग्या. मले कधीच नाई आवडलं."

"मंग येत काहून होती?"

"तुमी येत होते म्हून. पोट्टे येत होते. घरी राह्यली असती तर कोणासंग बसली असती मी?"

"अन् एवढे दिवस मी घरात बसून राह्यलो..."

"मले बरं वाटत होतं," आत्याबाई म्हणाल्या. "पन तुमचं तोंड पाहवत नव्हतं."

मी हात राखेत तसाच ठेवून बसले होते, पोळला तरी काढायचं सुचलं नाही. मामाजींनी नदीकडे बघितलं, पळसाकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग वाकले, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि चाकं रुतलेली नसतानाही रुतल्यासारखा जोर लावून ती अख्खी खुर्ची उलटी फिरवली. नदी आत्याबाईंच्या पाठीशी गेली. समोर आम्ही. वांगी चिरता चिरता भांडणाऱ्या नणंदा, चूल फुंकणारे जावई, धूर, चिखलाने माखलेली पोरं, आणि रडावं की हसावं न कळून बसलेली मी.

"आता पाय," मामाजी म्हणाले. "हे आवडते?"

आत्याबाईंनी आमच्यावरून सावकाश नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे आवडते," त्या म्हणाल्या.

मग मामाजीही तिच्या पायाशी मातीत बसले, नदीकडे पाठ करून.